थोरलीची उजवी बाजू

त्या घरात चित्र न काढणारी एकच व्यक्ती होती, आणि घरातल्या बहुतेक चित्रांत तीच होती.

वडील व्यक्तिचित्रं करायचे. न्यायाधीश, कारखानदार, निवृत्तीला आलेले प्राचार्य असे लोक त्यांच्यापुढे येऊन बसत आणि चार-सहा आठवड्यांनी सोनेरी चौकटीत जाऊन बसत. आई शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. मधला मुलगा नाटकांचे पडदे रंगवायचा आणि त्याच्या चपलांचे ठसे घरभर कधी निळे, कधी विटकरी उमटत. राहिल्या दोन मुली. त्यांना घरात थोरली आणि धाकटी म्हणत, आणि पुढे दोघींचे केस पांढरे झाले तरी तेच म्हणत राहिले.

धाकटी हातात कोळसा मिळाला तेव्हापासून चित्रं काढत होती. थोरलीच्या हातात पेन्सिल दिली की ती तिला छान टोक काढून परत द्यायची.

थोरलीचा उपयोग वडिलांना ती सात वर्षांची असताना कळला. कुणा कारखानदाराच्या बायकोला हातांसाठी बसायला वेळ नव्हता. वडिलांनी थोरलीला खुर्चीत बसवलं, मांडीवर हात ठेवायला सांगितले आणि हलू नकोस म्हणाले. ती हलली नाही. पाऊण तास झाला, माशी येऊन नाकावर बसली आणि कंटाळून उडून गेली, तरी हलली नाही. वडील आईला हाक मारून म्हणाले, "अगं, इकडे ये. ही तर देणगी आहे."

तेव्हापासून थोरली बसायला लागली. पाठ्यपुस्तकात जेवणाआधी हात धुणारी मुलगी तीच, डावी-उजवीकडे बघून रस्ता ओलांडणारी तीच, आणि पाठीचा कणा ताठ ठेवून कसं बसावं हे दाखवणारीही तीच. एकदा वर्गात ती जरा वाकून बसली होती तेव्हा बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ, ही मुलगी कशी बसलीय. शीक काहीतरी." वर्ग आठवडाभर हसत होता. भावाने पहिल्या नाटकासाठी रंगवलेल्या पडद्यावर, राजवाड्याच्या खिडकीत लांबून दिसणारी बाईसुद्धा थोरलीच होती.

वडिलांची काम करायची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. तिथे एकच मोठी खिडकी. बसणाऱ्याच्या डाव्या अंगाने उजेड यावा आणि तीच बाजू चित्रकारासमोर यावी अशी खुर्ची मांडलेली असे, आणि कुणी ती सरकवू नये म्हणून वडिलांनी जमिनीवर तिच्या चारही पायांभोवती पांढऱ्या रंगाने गोल काढून ठेवले होते. धाकटी चित्रकला शिकली ती याच खुर्चीसमोर. वडील शिकवताना फार बोलायचे नाहीत. मागून यायचे, बघायचे, म्हणायचे, "नाक वरून चिकटवलंयस. ते चेहऱ्यातून यायला हवं." आणि निघून जायचे. मग धाकटी पुसायची, पुन्हा काढायची, आणि थोरली समोर बसून असायची.

धाकटीने रीतसर कलाशिक्षण घेतलं, बक्षिसं मिळवली, आणि ज्या कलाशाळेत शिकली तिथेच शिकवायला लागली. वडिलांचा हात थरथरायला लागला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. एके दिवशी त्यांनी खोलीची किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "टर्पेंटाइनची बाटली घट्ट बंद करत जा." वारसा म्हणून झालेलं बोलणं एवढंच. भावाला राग आला नाही. त्याच्या पडद्यांना ती खोली पुरलीच नसती.

थोरलीने विज्ञानाची पदवी घेतली, स्पर्धापरीक्षा दिली आणि वजनमापं खात्यात निरीक्षक झाली. दुकानातले तराजू आणि काटे बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचं, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे, असं ते काम. घरी कुणी त्याबद्दल फारसं विचारलं नाही. तिने एका मुद्रितशोधकाशी लग्न केलं. तो शांत, चष्मेवाला माणूस हॉटेलातल्या मेनूकार्डावरच्या चुकाही पेन काढून दुरुस्त करायचा.

पण दर रविवारी सकाळी नऊ ते बारा थोरली त्या खुर्चीत येऊन बसत राहिली. लग्नाआधी, लग्नानंतर, वडील गेले त्याच्या पुढच्या रविवारीसुद्धा. तीन तासांत एकदा चहा. बोलणं फारसं नाही, कारण बोललं की हनुवटी हलते. धाकटीचं नाव झालं ते याच चित्रांवर. खुर्चीत बसलेली बाई, डावीकडून येणारा उजेड, मांडीवरचे हात. लोकांना ती चित्रं आवडायची. गॅलरीवाल्या बाई म्हणायच्या, "तुमची बाई आली की भिंत शांत होते."

मध्यंतरी धाकटीचंही लग्न झालं, कलाशाळेतल्याच एका शिक्षकाशी. ते चार वर्षं टिकलं. भांडण असं काही झालं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "या घरात आपण तिघं राहतो असं मला नेहमी वाटत आलं. आणि तिघांत मी जास्तीचा." धाकटीला त्या वेळी ते नाटकी वाटलं.

धाकटी एक्कावन्न वर्षांची झाली तेव्हा गॅलरीवाल्या बाईंनी पंचवीस वर्षांतल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. साठ चित्रं आणली, काही लोकांच्या घरांतून मागून घेतली. मध्यभागी 'निळा रुमाल' हे चित्र होतं. सगळ्यांत गाजलेलं. त्यात त्या बाईने डोक्याला निळा रुमाल बांधलेला आहे आणि मान नेहमीपेक्षा किंचित कलती आहे.

एका मोठ्या वर्तमानपत्रात प्रदर्शनावर अर्धं पान आलं. समीक्षकाने लिहिलं होतं की ही बाई आयुष्यभर कुणाची तरी वाट बघते आहे. तिच्यातलं सगळं हळूहळू आटत गेलं आहे. आणि तिने ते मुकाट्याने पत्करलं आहे. शेजारी चित्रातला थोरलीचा चेहरा छापला होता, चांगला वीतभर.

पुढच्या रविवारी थोरली वेळेवर आली, पण खुर्चीत बसली नाही. खिडकीशी उभी राहिली. पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"वाचलंस?"

"वाचलं. बरं लिहिलंय," धाकटी रंग काढता काढता म्हणाली.

"माझ्या ऑफिसात हे भिंतीवर चिकटवलं होतं. मग एक धान्यवाला. वीस वर्षं मी त्याचे काटे तपासते. त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

धाकटी हसली. थोरलीही थोडी हसली.

"ह्यांनी वाचलं. म्हणाले, तीन चुका आहेत. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि तिसरी म्हणजे हा सगळा लेख."

"अगं ताई, लिहितात लोक काहीही. मनावर काय घेतेस?"

"मनावर नाही घेतलं. पण मी चित्रं जाऊन पाहिली. एकटी गेले होते बुधवारी. तो लिहितो ते चित्रात आहे, धाकटे. त्याचं चुकलेलं नाही." थोरलीने कागद परत घडी घालून ठेवला. "मी इथे बसून कशाकशाचा विचार करायचे माहितीय? सोमवारी कुठल्या गल्लीत जायचं. कुणाचा काटा हलका आहे. एकदा तर मी तीन तास मनातल्या मनात एका बाताड्या दुकानदाराची उलटतपासणी घेतली आणि जिंकले. वाट कुणाची बघत होते मी?"

"मग मी काय करू? खाली लिहू?"

"तू काही करू नकोस. मला आता नाही बसायचं, एवढंच. पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली. पाठ दुखते. पुढच्या रविवारपासून मी पोहायला शिकणार आहे."

तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेली. आवाज कुठेही चढला नाही. धाकटीने त्या दिवशी काढलेले रंग तसेच वाळले.

पहिला महिना धाकटीला वाटलं, येईल. मग तिने कलाशाळेतून एका विद्यार्थिनीला बोलावलं. ती मुलगी दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायची. मग एक अनुभवी मॉडेल आणली. ती दगडासारखी स्थिर बसायची. चित्र झालं, हात उत्तम आले, पण धाकटीने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मग धाकटी मनाशी म्हणाली, मॉडेल हवी कशाला? चाळीस वर्षं हा चेहरा काढतेय. डोळे मिटूनही येईल. आणि तो आला. डावी भुवई, गालाचं हाड, कानाची पाळी, सगळं बिनचूक. तेच परत काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने थोरलीला दुसरीकडे वळवायचं ठरवलं. चेहरा उजवीकडून.

तिथे घोडं अडलं. कोळशाने बाह्यरेषा काढली आणि हात थांबला. उजवी भुवई डावीसारखीच आहे की थोडी वर? उजव्या कानात काय घालते ती? तिकडे केस मागे वळवलेले असतात की पुढे? दीडशेच्या आसपास चित्रं काढलेल्या बाईला बहिणीचा अर्धा चेहरा ठाऊक नव्हता. तिने आरशातून डावी बाजू उलटी करून पाहिली. जे आलं ते कुणाचंच नव्हतं.

आई त्या वेळी भावाकडे राहत होती. नजर अधू झाली होती, पण कान तिखट होते. धाकटीने तिला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

"लहानपणी बसायची माझ्यापुढे. मधूनच विचारायची, आई, झालं? मी म्हणायचे, पाच मिनिटं. मग विचारायची थांबली. मला वाटलं, शहाणी झाली."

"ताईचा उजवा कान कसा आहे गं?"

"मला काय माहीत? मीही त्याच खिडकीच्या बाजूने काढायचे."

धाकटी तशीच उठली आणि थोरलीच्या घरी गेली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. कळवल्याशिवाय ती तिथे यापूर्वी बहुधा दोनदाच गेली असेल. भावोजींनी दार उघडलं, कानामागे लाल पेन्सिल.

"या. ती येतेच आहे. आज मटणबाजार होता."

धाकटी बसली. भिंतीवर घड्याळ होतं, एक नकाशा होता, पुस्तकांची फळी होती. चित्र एकही नव्हतं. तिचं नाही, वडिलांचं नाही. आजवर हे आपल्या लक्षात कसं आलं नाही याचा ती विचार करत होती तेवढ्यात थोरली आली. पायांत जाड तळव्यांचे बूट, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हाने लाल.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ताई, जरा उजवीकडे बघ. म्हणजे, मला तुझी उजवी बाजू बघू दे."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आपण यात नाही असे हात केले. मग तिने मान वळवली.

भुवई थोडी वरच होती. केस मागे होते. आणि कानाच्या वर, जिथून केस सुरू होतात तिथून मागे, बोटभर लांबीचा पांढरा व्रण होता.

"हे काय?"

"ते? जुनं आहे. भंगारवाल्याचा काटा जप्त केला होता मी. त्याने रागाने पारडं फेकलं. पाच टाके पडले."

"कधी?"

"झाली की सोळा-सतरा वर्षं." थोरली बूट काढायला खाली वाकली. "रुमाल बांधून आले होते ना मी तुझ्याकडे."

धाकटीला तो रविवार स्वच्छ आठवला. थोरली दारातून आली, डोक्याला निळा रुमाल. थोरली काहीतरी सांगायला लागली होती. आपण म्हणालो होतो, छान दिसतोय, राहू दे, बोलू नकोस, उजेड जाईल. आणि मान कलती होती, कारण टाके ओढत असणार.

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगत होते की," थोरली म्हणाली. तिने बूट जागेवर ठेवले. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. भावोजी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

डोळे पुसून झाल्यावर धाकटी म्हणाली, "मी तुझ्याबरोबर कामावर आले तर चालेल?"

"कशाला?"

"बघायला."

"तिथे मी बसणार नाही हं. आणि तू म्हणालीस म्हणून थांबणारही नाही."

"नको थांबूस."

दर गुरुवारी धाकटीला कलाशाळेत तास नसत. त्या दिवशी ती थोरलीच्या फेरीला जायला लागली. तिघं असत. पुढे थोरली, तिच्यामागे प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेतलेला खात्याचा म्हातारा शिपाई, आणि शेवटी स्केचबुक घेतलेली धाकटी. शिपायाला या नव्या माणसाचं प्रयोजन कळेना. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "तुम्ही कोर्टातर्फे का?"

पहिलं दुकान धान्याचं होतं. थोरलीने दोन बोटांनी काट्याचं पारडं दाबलं, सोडलं, वाकून सुई पाहिली. मग ती बोलायला लागली आणि धाकटीची पेन्सिल थांबली. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. मोठा नव्हता, पण दुकानाच्या मागच्या गोण्यांपर्यंत जात होता.

"शेठ, हा काटा तुमच्या बाजूने बोलतोय."

"मॅडम, हवेने होतं हो. दमट हवा."

"हवा फक्त तुमच्याच दुकानात दमट आहे? शेजारचा काटा आत्ताच पाहिला. कोरडा ठणठणीत आहे." ती शिपायाकडे वळली. "पेटी उघडा."

धाकटीने काढायला घेतलं तोवर थोरली दुसऱ्या काट्याशी पोचली होती. हात काढावा तर हात वर गेलेला. तोंड काढावं तर तोंड उघडलेलं. त्या दिवशी अकरा पानं खराब झाली. एकावर नुसती पाठ होती, एकावर एक कोपर. कलाशाळेत तिने एखाद्या विद्यार्थ्याला अशा कामाबद्दल चांगलंच फैलावर घेतलं असतं.

सहा महिने असेच गेले. मासळीबाजार, सोनारांची गल्ली, रद्दीवाले, लाकडाची वखार. धाकटी उभ्याने काढायला शिकली. थोरली कुठून कुठे जाणार हे आधी ओळखायला शिकली. खोटं पकडल्यावर ती आधी गप्प होते, मग चष्मा पुसते, मग बोलते, हे तिला कळलं. दुपारी तिघं कुठल्या तरी पायऱ्यांवर बसून डबा खात आणि त्या वेळी दोघी बहिणी एवढं बोलत की शिपाई एकदा म्हणाला, "तुमची इतक्या वर्षांनी भेट झाली का?"

तैलरंगात केलेली पहिली दोन चित्रं तिने भावाला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. "कुणाची आहेत ही? तुझी वाटत नाहीत."

"माझीच आहेत."

"रंग घाईत लावलाय."

"घाईच होती."

"हं," भाऊ म्हणाला. "ही बाई मात्र ओळखीची वाटते. राजवाड्याच्या खिडकीत मी भलतीलाच उभं केलं."

गॅलरीवाल्या बाई आल्या, त्यांनी आठ चित्रं पाहिली आणि चहा अर्धाच घेतला. "चांगली आहेत. वेगळी आहेत. पण लोक तुमच्याकडे शांततेसाठी येतात हो. ह्यात ती ओरडतेय." त्यांनी थोडं थांबून पाहावं असं सुचवलं. धाकटीने पाहिलं. वर्षभराने त्या पुन्हा तेच म्हणाल्या, तेव्हा तिने एका वाचनालयाचं तळमजल्यावरचं सभागृह तीन दिवसांसाठी घेतलं आणि चौदा चित्रं लावली.

फारसं कुणी आलं नाही. तो समीक्षक आला, दहा मिनिटं थांबला आणि काही लिहिलं नाही. आईला भाऊ हात धरून घेऊन आला. तिने एका कॅनव्हासच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "ही उभी आहे?" आणि हो म्हटल्यावर पुढच्या चित्राकडे गेली. दुसऱ्या दिवशी वजनमापं खात्यातले सात-आठ जण आले आणि त्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. कुठला बाजार, कुठलं दुकान, कुणाचा काटा, यावर पैजा लागल्या. भावोजी चित्रांखालच्या चिठ्ठ्या वाचत फिरत होते. त्यांना एकच चूक सापडली.

थोरली त्याच दिवशी सगळ्यांच्या शेवटी आली, पोहून, ओल्या केसांनी. तिने चौदाही चित्रं क्रमाने पाहिली. वखारीच्या चित्रापाशी सर्वांत जास्त वेळ थांबली. त्यात ती कुणा मालकाशी बोलत होती, चेहरा उजवीकडून दिसत होता, चष्मा हातात होता, शेजारी वजनांची पेटी उघडी होती.

"त्या दिवशी मी चिडले होते," ती म्हणाली.

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

धाकटीला आजवर मिळालेल्या बक्षिसांच्या वेळी जे वाटलं नव्हतं ते त्या वेळी वाटलं. पण ते फार टिकलं नाही, कारण मागून शिपाई घसा खाकरत पुढे आला.

"रागावू नका बाई, पण पेटी चुकलीय."

"कशी?"

"दोनशे ग्रॅमची वजनं दोन असतात. एक, दोन, दोन, पाच, असा हिशेब असतो. तुम्ही एकच काढलंय. अशा पेटीने आपण काटे तपासले तर आपल्यालाच जप्त करतील."

खात्यातले सगळे चित्राशी गोळा झाले आणि एकमताने चूक असल्याचं ठरलं. थोरली मान हलवत म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. दोन हवीत."

प्रदर्शन संपल्यावर धाकटीने ते चित्र खोलीत नेऊन ईझलवर चढवलं आणि दुसरं वजन काढायला घेतलं. ते काही केल्या बसेना, जागाच नव्हती. शेवटी तिने सबंध पेटी खरवडून काढली आणि सकाळी थोरलीला ऑफिसात फोन लावला.

"ताई, दोनशेची दोन्ही वजनं शेजारी असतात की वरखाली?"

"शेजारी. आणि त्यांच्या पलीकडे शंभरचं. थांब, पेटीच आणते समोर." थोडा वेळ फोनमधून लाकूड सरकल्याचा आवाज आला. "हं, घे लिहून."